बैठकीत रेडिओलाही बसू द्या



बचत गटाच्या बैठकीत आपण काय करतो? हजेरी घेतो, बचत गोळा करतो, कर्जाचे हप्ते वहीत लिहितो, सह्या करतो आणि घरी जातो. माझं आज एवढंच सांगणं आहे, की महिन्यातून एकदा त्या बैठकीत अर्धा तास रेडिओलाही बसू द्या.

आपलं नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं. आपल्या आया-आज्यांनी त्यावर गाणी ऐकली, बातम्या ऐकल्या. पण रेडिओने बोलायचं आणि आपण ऐकायचं, एवढंच ते नातं होतं. ऐकून माहिती मिळते, हे खरं. लोकशाहीत मात्र तेवढ्याने भागत नाही. ऐकलेल्यावर चार जणींनी बोलावं लागतं, काही ठरवावं लागतं आणि जिथे सांगायचं तिथे जाऊन ते सांगावं लागतं.

हे आपल्याच मुलखात पूर्वी करून पाहिलेलं आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली. मंडळी आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, शेतीचा आणि गावसुधारणेचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. नंतर पाहणी झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती कितीतरी जास्त वाढलेली दिसली. कार्यक्रम तोच होता. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्याने.

आपल्याकडे असं मंडळ तयारच आहे. दहा-वीस बाया, ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि एकमेकींवर विश्वास.

आता रेडिओही आपल्या जवळ आला आहे. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. २००६ साली सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. साताऱ्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र २००८ पासून चालू आहे. तिथे गावातल्याच बाया-माणसांचा आवाज लागतो. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. पण पाणी, वीज, आरोग्य, हवामान, योजनांचे अर्ज ही स्थानिक माहिती देता येते. बाईच्या दिवसाला लागते ती हीच तर माहिती!

एक अनुभव सांगते. आमच्या भागातल्या एका गटाने बैठकीत महिला सभेवरचं भाषण ऐकलं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात नियम आहे. भाषण संपलं आणि सगळ्या गप्प. मग एक ताई म्हणाल्या, “सही त नेली माह्यावाली, पण सभा कायची होती ते कोनी नाही सांगतलं.” एकेक करून सात जणींनी तेच सांगितलं. वही घरोघरी फिरली होती, सभा कोणीच पाहिली नव्हती. रेडिओ प्रत्येकीने आपापल्या घरी ऐकला असता, तर प्रत्येकीला वाटलं असतं, आपल्यालाच ठाऊक नसेल.

पुढच्या वेळी त्यांनी सभेची तारीख लेखी मागितली. वही दाराशी आली तेव्हा सही केली नाही. सभा झाली, अकरा जणी गेल्या. हातपंपाजवळ साचणाऱ्या पाण्याचा विषय त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतला. नाली अजून झालेली नाही. पण विषय कागदावर आहे, आणि दर सभेला त्या विचारतात, “त्याचं काय झालं?”

तर मैत्रिणींनो, करायचं काय? कार्यक्रमाची वेळ आधी माहीत करून घ्या आणि बैठक त्या वेळेला ठेवा. रेडिओ नसेल तर एकीच्या मोबाईलवर लावा. ऐकून झालं की प्रत्येकीला बोलू द्या. नवीन सुनेला आणि अंगठा लावणाऱ्या आजीला आधी. मग दोन गोष्टी वहीत लिहा. पहिली, आपण काय करणार आणि कोण जाणार. दुसरी, रेडिओला काय विचारायचं. तो प्रश्न केंद्राला नक्की पाठवा. श्रोत्यांचा प्रश्न आला नाही, तर आपल्यासाठी काय बोलायचं हे दुसरेच ठरवत राहतील.

बचतीची वही आपण कधी कोरी ठेवत नाही. तिच्या मागच्या पानावर या महिन्यापासून हे लिहायला लागा.