बिलाची वाटणी

चौघे मित्र तालुक्याच्या गावी हॉटेलात गेले. तिघांनी १८० रुपयांची थाळी घेतली. चौथ्याने नुसता २० रुपयांचा चहा. बिल झाले ५६०, वर शेकडा ५ प्रमाणे जीएसटी २८. वाढप्याला शेकडा १० बक्षिसी, म्हणजे ५६. एकूण ६४४. ‘चौघांत सारखे’ म्हटले, की प्रत्येकी १६१! चहा घेणारा भिडेपोटी देतो. पण पुढच्या खेपेस येतच नाही.

खरा हिशेब सोपा आहे. ज्याने त्याने आपल्या खाण्यावर शेकडा १५ मिळवावे : थाळीचे २०७, चहाचे २३. बक्षिसी मात्र खुशीची. हॉटेलाने सेवाशुल्क परस्पर बिलात घालू नये, असे केंद्राच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

गुरुजी, हे गणित मुलांना जरूर घाला. हिशेब चोख, तर मैत्री टिकते!