अंदर मावळचे दार

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर कान्हे येथे केलेले भाषण)



पर्यटनाविषयी बोलावयाचे म्हटले की आपण निसर्गसौंदर्याचे वर्णन करू लागतो. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी किंवा विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आपणांस सांगावयास नकोत. लोहगड तर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. माझा प्रश्न निराळा आहे. जेथे डोंगर, पाऊस आणि भातखाचरे एवढेच आहे, त्या अंदर मावळातही आता सुट्टीच्या दिवशी माणसे येऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्याहून अधिक तेथील रहिवाशांसाठी, आपण काय व्यवस्था ठेवली आहे?

या भागाचे दार म्हणजे आपले कान्हे. फाट्यावर शासकीय रुग्णालय आहे, गावात पुणे-लोणावळा लोकल थांबते, आणि इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुकवरून रस्ता ठोकळवाडी जलाशयाच्या बाजूने खांडी-कुसूरकडे घाटमाथ्यापर्यंत जातो. या जलाशयाच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले व मुंबईला वीज मिळू लागली. काठच्या वाड्यांची पाळी मात्र फार उशिरा आली. पर्यटनाचे असेच होऊ नये, एवढी माझी चिंता आहे.

पर्यटक येतो केव्हा? आषाढ-श्रावणात. म्हणजे नेमका आवणीच्या दिवसांत, जेव्हा घरातील प्रत्येक माणूस चिखलात उभा असतो. त्या वेळी गृहिणीने पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापाव्यात अशी अपेक्षा योजना आखणाऱ्यांनी धरू नये. हाच काळ रस्ते सर्वाधिक खचण्याचा आणि दरडींच्या भयाचा. अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारी उभ्या राहिल्या की प्रसूतीसाठी वा सर्पदंशावरील उपचारासाठी निघालेली रुग्णवाहिका अडते. धबधबा पाहावयास आलेल्यास तासभर उशीर झाला तर बिघडत नाही. तिचे तसे नाही.

म्हणून मी पहिली मागणी उपाहारगृहाची करीत नाही. रस्त्यावर ठराविक अंतराने वाहने बाजूस घेण्याची जागा, मोटारींसाठी कान्हे येथेच वाहनतळ आणि तेथून पुढे गर्दीच्या दिवशी लहान बसगाड्या, ही पहिली मागणी. पुण्याहून येणारा माणूस लोकलने आला तर त्याची मोटार येणारच नाही. त्याच बसने शाळेची मुले व दूधवाले यांनाही जाता यावे. केवळ पर्यटकांसाठी काढलेली सोय पावसाळा सरताच बंद पडते, हे ध्यानात ठेवावे.

सुरक्षिततेविषयी दोन घटना पुरेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथील इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जणांचे प्राण गेले. तो पूल गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता, शेकडो प्रेक्षकांसाठी नव्हे. धोक्याचा फलक तेथे होता. फलकाने काम भागत नाही. फलकाजवळ माणूस उभा असावा लागतो. तो गावातलाच असावा, त्याला दोर, शिटी व भ्रमणध्वनीची खात्रीची जोडणी असावी, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याला नियमित मानधन मिळावे. कोणत्या ओढ्याला किती वेळात पूर येतो हे त्याला उपजत ठाऊक असते.

पैसा कोठून? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवरील कर व गाडीतळाचे शुल्क यांची तरतूद आहे. कायद्यात बैलगाडी आणि टांगा आहे, हे खरे! परंतु मोटारीच्या तळासाठी ठराव करावयास वरिष्ठांचे मार्गदर्शन मागणे अवघड नाही. हे उत्पन्न प्रथम शौचालयांवर खर्च व्हावे. शेतात उघड्यावर होणारी घाण आणि खाचरांत पडणाऱ्या बाटल्यांच्या काचा यांचा त्रास आवणी करणाऱ्या अनवाणी पायांना होतो.

निवासाचा विचार मात्र पावसाळ्याबाहेर करावा. भात झोडून झाल्यावर, मार्गशीर्षापासून पुढे, घरे मोकळी असतात, हवा उत्तम असते आणि इंद्रायणी तांदूळ घरात असतो. वडगावच्या भात संशोधन केंद्राची ती देणगी पाहुण्याच्या ताटात पडली तर शेतकऱ्याला दलालाविना भाव मिळेल. येत्या ग्रामसभेत वाहनतळाची जागा आणि शौचालयांची ठिकाणे, एवढे दोनच विषय प्रथम घ्यावेत, अशी माझी सूचना आहे.