धक्का केवढा होता?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं. जमीन अजूनही अधूनमधून हलते. मुलं आधी वर्गाबाहेर धावतात, मग विचारतात, "केवढा होता?" यासाठी मला वेबफीड आवडते. पेपरवाल्यानं दारात पेपर टाकावा, तशी ती नवी नोंद आपणहून संगणकावर आणून टाकते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची फीड भूकंपाची वेळ, खोली, तीव्रता देते. भूगोलाच्या तासाला ती फळ्यावर उतरवावी. पण कोयनेचा तीन रिश्टरचा धक्का तिच्यात बहुधा सापडत नाही. अमेरिकेबाहेरचे साधारण साडेचारच्या पुढचेच येतात. "मग आमच्या घरातली भांडी वाजली, ती खोटी?" असं एखाद्या पोरानं विचारलं, की दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी उघडावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात.