अंगणातले अंजीर



आज मी अंजिराविषयी बोलणार आहे. मी काही बागाईतदार नव्हे. जन्मभर फळ्यावर खडू घासला. पण अंजिराने मला पाच वर्षे फसवले. ते ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

तळेगावात घर बांधले, तेव्हा एका रोपवाल्याकडून दोन रोपे घेतली. "तुर्कस्तानची जात आहे, गुरुजी. सुकवायचे मोठे अंजीर येते," असे तो म्हणाला. झाडे वाढली. फळ धरे, बोराएवढे होई आणि सुकून गळे. घरची मंडळी म्हणाली, "दृष्ट लागली." मी खत घातले, पाणी वाढवले. काही उपयोग नाही.

खरे कारण निराळे होते. तुम्ही उंबर फोडून पाहिले आहे ना? आतून केंबरे उडतात. उंबराची फुले फळाच्या आतच असतात. तेथे परागकण नेण्याचे काम ही केंबरे करतात. तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीच्या अंजिरालाही अशीच एक बारीक माशी लागते. ती नसेल तर फळ गळते. आपल्या उंबरातली केंबरे त्याला चालत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातही लोक ही झाडे लावून कपाळाला हात लावून बसले होते. १८९९ साली ती माशी तिकडे नेऊन सोडली, तेव्हा कुठे फळ टिकले.

आपल्या पुणेरी जातीला माशी लागत नाही. सासवड, दिवे या भागात तीच आहे. तेथल्या पुरंदर अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मी तिकडच्या पाहुण्यांकडून जून फांदीचे वीतभर तुकडे आणले आणि मोरीच्या पाण्यावर लावले. पुन्हा चुकलो! पुरंदरात पाऊस थोडा. आपण मावळच्या तोंडाशी. इथे पाऊस जास्त. मुळांशी पाणी साचले, पानांना तांबेरा पडला आणि पावसातली फळे तडकून आंबली.

मग नवे तुकडे उंचवट्यावर, मुरमाड जागी, दिवसभर ऊन लागेल असे लावले. पावसाळ्याचा खट्टा बहार सोडून दिला. पावसाळा सरला की छाटणी करतो, म्हणजे उन्हाळ्यात मीठा बहार येतो. आणि बरं का, रोप घेताना आधी त्याचे आईझाड दाखवा म्हणावे. त्याला आपल्याच भागात फळ टिकलेले दिसले, तरच पैसे मोजावेत.

यंदा चैत्रात पाटीभर अंजीर उतरले. घरची मंडळी म्हणाली, "त्यातले चार त्या रोपवाल्याला नेऊन द्या." मी अजून दिलेले नाहीत.