खाडीतला गुलाबी रंग कोण तयार करतं?

हिवाळा सरत आला की भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला ठाणे खाडीचा चिखल ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर हजारो फ्लेमिंगो उतरतात. या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं, २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. माणसं पाहायला जातात ती त्या गुलाबी रंगासाठी. पण हा रंग पक्षी स्वतः तयार करत नाही. त्याचं पिल्लू राखाडीच असतं.

रंग येतो खाण्यातून. चिखलावर आणि उथळ पाण्यात डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक शेवाळ वाढतं. ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्या भांडवलावर ते आपलं अन्न आपणच तयार करतं. म्हणजे खाडीतलं उत्पादक. इथे दिसणाऱ्या दोन जातींपैकी ‘लहान फ्लेमिंगो’ मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकतो आणि चोचीच्या आतल्या बारीक कंगव्यांत शेवाळ अडकवतो. शेवाळातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पिसांत उतरतात. दुसरी जात ‘मोठा फ्लेमिंगो’ किडे, कोळंबीसारखे जीवही टिपतो. तो त्यामानाने फिका दिसतो.

काठची तिवरंही उत्पादकच. त्यांची पानं गळतात, जिवाणू-बुरशी ती कुजवतात, त्यावर खेकडे जगतात. आपल्या कोळी बांधवांना ठाऊक असलेली निवटी ही मासळी तर चिखलावरचं शेवाळच खरवडून खाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शेवाळाला लागणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस या खाडीत मोठ्या प्रमाणावर येतो तो आपल्या उपनगरांच्या सांडपाण्यातून. म्हणून सांडपाणी पक्ष्यांच्या भल्याचं, असं कोणी म्हणू लागलं तर ते मला मुळीच मान्य नाही. शेवाळ बेसुमार माजलं की मरून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. सांडपाण्याबरोबर येणारे जड धातू तर खाणाऱ्याच्या अंगात साठत जातात.

आणि थवे एवढे मोठे का? अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर खाल्लेल्या अन्नातला साधारण दहावा हिस्साच खाणाऱ्याच्या शरीरात उरतो. लहान फ्लेमिंगो थेट उत्पादकांच्या पंगतीला बसतो, त्यामुळे तो हजारोंनी पोसला जातो. त्याच खाडीवर मासे आणि पक्षी मारून जगणारा ठिपकेदार गरुड मात्र एखाद-दुसराच दिसतो.