टप्पा आणि तळहात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडासप्ताहात पंडरी येथे तरुण पंचांसमोर दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्यावर, संगीतावर किंवा नाटकावर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. कार्यकर्त्यांनी आम्हांस मात्र बास्केटबॉलच्या पंचगिरीवर, आणि त्यातही केवळ चेंडूच्या टप्प्यावर बोलावयास सांगितले. विषय लहान दिसतो खरा. पण या लहान विषयात आमची एक जुनी चूक दडलेली आहे. ती चार माणसांत कबूल करण्याची संधी मिळते आहे, म्हणून आम्ही हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरगावचा एक संघ खेळावयास आला होता. सामन्याचे शेवटचे अर्धे मिनिट उरले होते आणि दोन्ही संघांचे गुण समान होते. आपला एक मुलगा चेंडू घेऊन वेगाने निघाला. प्रतिस्पर्ध्याला बगल देताना त्याचा तळहात चेंडूखाली गेला, चेंडू क्षणभर हातात विसावला आणि लगेच पुन्हा टप्पा पडला. आम्ही दोन पावलांवर उभे होतो. आम्हांला ते स्वच्छ दिसले. शिट्टी ओठांत होती, ती वाजली नाही. बास्केट झाले, जल्लोष झाला. पाहुण्यांचा कर्णधार आला आणि मुकाट्याने आमच्याशी हात मिळवून गेला. तो चार शब्द रागावून बोलला असता, तर आमचे ओझे थोडे हलके झाले असते.

आता त्या क्षणी नेमके काय घडले, ते नियमाच्या भाषेत पाहू.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ रचला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हताच. चेंडू घेऊन धावावयाचे नाही, जेथे झेलला तेथूनच फेकावयाचा, असा दंडक होता. कोंडी झालेल्या खेळाडूंनी त्यातून वाट काढली; चेंडू हातातून सोडावा आणि आपणच पुन्हा गाठावा. ही पळवाट पुढे नियमात आली आणि खेळाचे सौंदर्य ठरली. परंतु तिच्यामागची अट कायम राहिली. चेंडू घेऊन पुढे जावयाचे, तर त्याला हातातून मोकळे सोडलेच पाहिजे. ड्रिबलचे सारे नियम या एका अटीतून निघतात.

आपल्या मातीतले उदाहरण देतो. हुतूतूत चढाई करणारा गडी एका दमावर पलीकडे जातो. दम सुटला की चढाई संपली. तेथेच उभे राहून नवा दम घेता येत नाही. ड्रिबल हा बास्केटबॉलमधला दम समजा. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, किंवा चेंडू एका वा दोन्ही हातांत विसावला, की दम सुटला. यानंतर पास द्यावा किंवा बास्केटकडे फेक करावी. पुन्हा टप्पा मारला, तर तो डबल ड्रिबल. आणि तळहात चेंडूखाली नेऊन त्याला विसावू दिले व टप्पे तसेच चालू ठेवले, तर त्यास कॅरी म्हणतात. दोहोंचे मूळ एकच. सुटलेला दम न सुटल्यासारखा दाखवणे.

मात्र येथे नवा पंच घाई करतो. प्रेक्षकांतून “कॅरी, कॅरी” असा ओरडा होतो, कारण टप्पा छातीपर्यंत उंच आलेला असतो. उंचीला नियमात मर्यादा नाही. चेंडू हातात नसताना किती पावले टाकावीत, यालाही मर्यादा नाही. हात चेंडूच्या बाजूला गेला, एवढ्यानेही दोष होत नाही. पाहावयाचे ते इतकेच, की चेंडू विसावला काय? तसेच हातातून निसटलेला चेंडू सावरणे म्हणजे ड्रिबल नव्हे. ड्रिबल संपल्यावरही, बास्केटकडे फेक झाली, प्रतिस्पर्ध्याचा हात चेंडूला लागला, किंवा पास वा निसटलेला चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागला, तर चेंडू परत मिळाल्यावर नव्याने ड्रिबल करण्याची मुभा आहे. हे अपवाद पाठ नसतील, तर शिट्टी निरपराध्यावर वाजते.

नियमभंग झाला तर शिक्षा सौम्य आहे. वैयक्तिक फाऊल लागत नाही. नियमभंगाच्या जवळच्या जागेवरून चेंडू प्रतिपक्षाला आत फेकावयास मिळतो. शिट्टी वाजवून उघडा पंजा वर करावा. मग कॅरी असेल तर तळहात अर्धा फिरवून दाखवावा, डबल ड्रिबल असेल तर तळवे खालीवर थोपटावेत. खूण अशी स्पष्ट असावी, की शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंनाही कळावी.

आणि जागा! खेळाडूच्या पाठीमागे राहून तळहात दिसत नाही. चेंडूवाला आणि त्याला अडवणारा यांच्यामधली फट दिसेल, अशा कोनात सरकत राहावे. दिसले नाही तर वाजवू नये. अंदाजाने दिलेला निर्णय हा न्याय नव्हे. पण दिसले, तर वाजवलेच पाहिजे. आमचे चुकले ते येथे.

आपण आता ज्या पंडरीत बसलो आहोत, तेथील कापडबाजार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. लग्नसराईच्या खरेदीला गेलेली जाणती गृहिणी कापडाचा रंग पाहते, पोत पाहते. पण मोजणी सुरू झाली की तिची नजर पट्टीवरच्या हातावर असते. पंचानेही तसेच करावे. खेळाडूचा चेहरा, त्याचे आडनाव, त्याच्या बनियनचा रंग यांकडे न पाहता हाताकडे पाहावे. त्या दिवशी आम्ही चेहरा पाहिला.

या भूमीत या खेळाला उणेपणा नाही. जवळच्या भिलाईत राजेश पटेल या प्रशिक्षकांनी घडवलेल्या मुलींनी छत्तीसगडचे नाव देशभर नेले. इकडे पुण्याच्या स्नेहल बेंडके आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पंच झालेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. आपल्या मंडळातल्या मुलींनी त्यांच्याकडे पाहून शिट्टी हाती घ्यावी, अशी आमची इच्छा आहे.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आपले वाडवडील कोणी रेल्वेच्या, कोणी शाळेच्या, कोणी कचेरीच्या नोकरीसाठी येथे आले. ते परके होते, आणि परक्या माणसाची पहिली अपेक्षा एवढीच असते, की आपल्यालाही त्याच पट्टीने मोजावे. येथल्या लोकांनी तसे मोजले, म्हणून आपण आज सुवर्णमहोत्सव साजरा करतो आहोत. मग आपल्या मैदानावर आलेल्या पाहुण्या संघाला आपण वेगळ्या पट्टीने मोजावे, हे कोणत्या तोंडाने?

तो मुलगा पुढे मोठा झाला. एकदा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, त्या दिवशी तुम्ही शिट्टी वाजवायला हवी होती. मला ठाऊक होते, तुम्हांलाही ठाऊक होते.” जिंकलेल्या त्या सामन्याचा आनंद त्यालाही पुरता भोगता आला नव्हता. न वाजलेल्या शिट्टीने पाहुण्यांचे नुकसान झालेच. आपल्या मुलाचेही झाले, हे आम्हांस तेव्हा उमगले.

मित्रांनो, उद्या सकाळी तुमचे सामने आहेत. आपलीच मुले खेळतील, त्यांच्या आया बाकांवर बसतील. तळहात चेंडूखाली गेलेला दिसला, तर डगमगू नका. आमची राहून गेलेली शिट्टी तुम्ही वाजवा.