धावपथावरील पहिला दिवस

पुणे जिल्ह्यात 'घाट' या एकाच शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक घाट ताम्हिणीचा, सह्याद्रीच्या कड्याकपारींतून कोकणात उतरणारा. दुसरा घाट बैलगाड्यांच्या शर्यतीचा, गावाच्या माळावर मुद्दाम राखलेला. या दुसऱ्या घाटावर प्रत्येक गाड्याची बारी सेकंदांत मोजतात, बैलांच्या पुढे घोडी धावते, आणि बारी सुटण्यापूर्वी मधली वाट मोकळी करण्यासाठी माणसे घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये या शर्यती बंद केल्या, आणि पुढे मे 2023 मध्ये महाराष्ट्राचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. तात्पर्य, वेगाला त्याची स्वतंत्र जागा असावी लागते, ही कल्पना या मुलखाला नवी नाही.

मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव याच मुलखातले. एका अंगाला कासारसाईचे धरण, दुसऱ्या अंगाला मारुंजी आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारती. तेथील एखाद्या तरुणाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोन वर्षांच्या पगारातून शिल्लक टाकून त्याने मोटारसायकल घेतली आहे. ती बहुधा चाकणच्या कारखान्यात घडलेली, म्हणजे जवळजवळ घरचीच. पण यंत्र शेजारी घडले, तरी ते मनसोक्त धावावे अशी जागा शेजारी नाही. म्हणून रविवारी पहाटे हा तरुण चार मित्रांसह माण, घोटावडे, पौड या वाटेने पहिल्या घाटाकडे निघतो. त्या घाटात वळणाआड दुधाची गाडी असते, म्हैस असते, पावसाने आणलेली खडी असते, आणि समोरून येणारा, तितक्याच धुंदीत असलेला दुसरा तरुणही असतो. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून वेगाची चढाओढ करणे हा मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमाखाली गुन्हा आहे. परंतु कलमाच्या भीतीने हा नाद सुटल्याचे उदाहरण विरळाच. तो सुटतो दोन कारणांनी. मित्र गमावल्यावर, किंवा योग्य जागा सापडल्यावर.

योग्य जागा आहे, पण दूर आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे 3.7 किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा धावपथ आहे. कोइमतूरजवळ करिवर्धन या दिवंगत शर्यतपटूच्या नावाने ओळखला जाणारा सुमारे 2.1 किलोमीटरचा छोटा धावपथ आहे. दिल्लीच्या बाजूस ग्रेटर नोएडा येथे 2011 मध्ये उघडलेला बुद्ध धावपथ पाच किलोमीटरांहून मोठा असून मोटारसायकलींची जागतिक शर्यत तेथे सप्टेंबर 2023 मध्ये झाली. नेऱ्याच्या माणसाला यांपैकी पहिला त्यातल्या त्यात सोयीचा. गंमत अशी की, हिंजवडीच्या कडेने जाणारा 48 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुढे कोल्हापूर आणि बंगळूर करीत थेट त्याच इरुंगट्टुकोट्टैवरून जातो. रस्ता एकच, मात्र मध्ये हजारांहून अधिक किलोमीटर!

अशा धावपथांवर अधूनमधून 'ट्रॅक-डे' भरतो. ठराविक शुल्क भरून कोणाही परवानाधारकाने आपली गाडी तेथे चालवावी, असा तो दिवस. ही बातमी घरी सांगितल्यावर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"शर्यत आहे का रे?"

"नाही आबा. तिथे कोणी पहिला येत नाही, कोणाला बक्षीस नाही."

"मग एवढ्या लांब जाऊन करायचं काय?"

या प्रश्नाचे उत्तर मुलालाही नीट ठाऊक नसते. त्याला वाटते, आपण आपल्या गाडीचा कमाल वेग पाहण्यास चाललो आहोत. ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितकी त्याची तयारी खरी. बहुतेक नवशिके मात्र दिवस ठरला की प्रथम दुकानाकडे धावतात. आवाजी सायलेन्सर घेतात, शर्यतीचे टायर घेतात, आणि ब्रेकचे पॅड झिजले आहेत की काय हे पाहण्यास विसरतात.

गाडीची तयारी वस्तुतः फार खर्चाची नाही. पॅड जाड असावेत. ब्रेकचे तेल वर्षभर जुने असेल तर बदलावे, कारण त्यात पाणी शोषले गेले की ऐन तापलेल्या वेळी ब्रेक लिबलिबीत होतो. चेनचा ढिलेपणा कंपनीने सांगितला तितकाच असावा. टायरच्या कडेवर चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनाट, कडक झालेले रबर वळणावर दगा देते. इंजिनाचे तेल कोठे पाझरत नाही ना, हे गाडी रात्रभर कागदावर उभी करून पाहावे. पुष्कळ आयोजक कूलंट काढून साधे शुद्ध पाणी भरण्यास सांगतात, कारण गाडी पडून कूलंट सांडले तर मागून येणारे त्यावरून घसरतात. पाणी मात्र वाळून जाते. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावावयाची आणि आरसे काढून ठेवावयाचे. आरसे काढताना नवशिक्याला थोडे चुकल्यासारखे होते. पण धावपथावर मागच्याची काळजी मागच्यानेच वाहावयाची असते, पुढच्याने फक्त पुढे पाहावे.

अंगावरच्या पोशाखात मात्र काटकसर करू नये. तोंड पूर्ण झाकणारे, गळपट्टा दुहेरी कडीतून ओवलेले हेल्मेट, मनगटावर चढणारे ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट, पाठीच्या कण्यावरील ढाल आणि चामड्याचा अखंड किंवा मध्ये चेनने जोडता येणारा पोशाख, इतके नसेल तर तपासनीस धावपथावर सोडतच नाहीत. हा पोशाख महाग पडतो. पहिल्या खेपेस तो भाड्यानेही मिळतो, आणि भाड्याने आणण्यात कमीपणा काहीच नाही. एकदा जमिनीवर पडलेले हेल्मेट स्वस्तात मिळते म्हणून घेण्यात मात्र मोठाच धोका आहे.

एक कागदही वाचून ठेवावा. मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात शर्यत व वेगचाचणी यांतील नुकसान वगळलेले असते. म्हणजे गाडी मोडली तर भरपाई आपल्याच खिशातून. शिवाय स्वतःच्या जबाबदारीवर उतरत असल्याचे लिहून द्यावे लागते. घरच्यांपासून ही गोष्ट लपवून जाणारे तरुण आहेत. ते बरे नव्हे. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्या आईवडिलांना तो ठाऊक असावा.

आता मुख्य तयारी. ती गाडीची नव्हे आणि पोशाखाचीही नव्हे, तर नजरेची आहे, आणि ती नेऱ्यातच, घरबसल्या सुरू करता येते.

थोडे गणित मांडून पाहावे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. या वेगात कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लावले तर गाडी सुमारे 20 मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे 120 केला, तर अंतर दुप्पट होत नाही. चौपट होते, म्हणजे 80 मीटर. शिवाय धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद धरला तर आणखी 33 मीटर हातचे जातात. वळणाचेही तसेच. ताशी 60 च्या वेगाने 28 मीटर त्रिज्येचे वळण घेताना गाडी 45 अंशांनी कलते. त्याच वळणात वेग थोडासा जरी वाढला, तरी कल झपाट्याने वाढतो, कारण येथेही वेगाचा वर्गच काम करतो. आणि हा सर्व भार पेलते कोण? तर टायरचा जमिनीला टेकलेला, तळहाताएवढा भाग. त्या तेवढ्या रबराची पकड वळण्यात खर्च होत असताना घाबरून ब्रेक दाबला, तर दोन्हींना पुरेल इतकी पकड उरत नाही, आणि गाडी खालून निघून जाते.

म्हणून पहिला धडा असा की, ब्रेकचे काम गाडी सरळ असतानाच संपवावे, मग वळावे, आणि वळण उलगडू लागले की अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू, एका लयीत उघडीत न्यावा. यात नजर कोठे असते, यावर सर्व अवलंबून. माणूस पाहतो तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा नेमका खड्ड्यात जातो, हा अनुभव सायकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आहे. मोटारसायकलीवर तोच नियम अधिक निष्ठुरपणे चालतो. चाकापुढची जमीन न पाहता वळणाच्या आतल्या कडेचा बिंदू पाहावा, आणि तेथे पोहोचण्यापूर्वीच नजर वळणाच्या शेवटाकडे न्यावी. ही सवय हिंजवडीच्या रहदारीत, ताशी 30 च्या वेगातही लावता येते.

अमेरिकेतील कीथ कोड या शिक्षकाने 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अवधानाची तुलना खिशातल्या मोजक्या पैशांशी केली आहे. त्याच्या शाळेचे वर्ग चेन्नईच्या या धावपथावरही भरलेले आहेत. समजा, खिशात दहा रुपये आहेत. नवशिक्याचे पाच रुपये गिअर बदलण्यात जातात, तीन भीतीत जातात, आणि वळणासाठी दोनच उरतात. सरावाने गिअरचा खर्च चार आण्यांवर आला की उरलेले सर्व वळणाला मिळतात. म्हणूनच ओळखीची, साधी, दोनशे-तीनशे सीसीची गाडी नवशिक्याला मोठ्या गाडीपेक्षा अधिक शिकविते.

प्रत्यक्ष दिवशी पहाटे तांत्रिक तपासणी होते, मग निशाणांचा वर्ग. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, कोणासही ओलांडू नये. लाल म्हणजे फेरी थांबली, वेग आवरून शांतपणे परतावे. काळे आपल्याकडे रोखले तर दोष आपल्याच गाडीत वा वागण्यात आहे, ताबडतोब बाहेर पडावे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचे असेल तर रस्ता निसरडा. वर्गात डुलक्या घेणारे पुढे सर्वांना त्रास देतात. म्हणून आदल्या रात्रीची झोप पुरी हवी. चेन्नईच्या उष्म्यात चामड्याच्या आत माणूस अक्षरशः उकडून निघतो. तहान लागण्यापूर्वीच मीठ-साखरेचे पाणी पीत राहावे, आणि दुपारी भात हात राखून खावा.

फेऱ्या पंधरा-वीस मिनिटांच्या असतात. पहिली फेरी तर ओळखीपुरतीच. टायर थंड असतात आणि वळणे अनोळखी. मागून कोणी वेगाने आला तर दचकून बाजूस सरू नये, आपली रेषा धरून राहावे. वाट काढणे हे त्याचे काम. बाहेर पडताना हात वर करावा. दुपारनंतर अंगावर आत्मविश्वास चढतो आणि हात थकलेले असतात, ती वेळ सर्वांत नाजूक. दोनदा ठरविल्या जागी ब्रेक लागला नाही, तर ती फेरी तेथेच सोडून सावलीत बसावे. पैसे भरले आहेत म्हणून शेवटची फेरी मारलीच पाहिजे, असा काही कायदा नाही.

सायंकाळी चिकटपट्टी सोलून आरसे पुन्हा बसवावयाचे, टायरची हवा रस्त्याच्या मापावर आणावयाची आणि कूलंट परत भरावयाचा. टायर शहाण्याने एकदा बोटाने चाचपून पाहावेत. त्यांच्या ज्या कडा आजवर जमिनीला लागल्याच नव्हत्या, त्या आता खरखरीत झालेल्या असतात. मग गाडी टेम्पोत चढवून दोरांनी आवळावी. थकल्या देहाने ती हजारांहून अधिक किलोमीटर चालवीत परत नेण्याचा हट्ट करू नये. आबांना घरी फोन करावा. ते कितवा आलास असे विचारतीलच, आणि कितीही समजाविले तरी पुढच्या खेपेस पुन्हा विचारतील.